क्रीडावीर बाळू पालवणकर

थोर पुरुषांची चरित्रे लिहावयाची झाली म्हणजे लेखणी बहुधा राजे, सेनापती, साधुसंत आणि विद्वान यांच्याकडे वळते. क्रीडांगणावर ज्यांनी नाव मिळविले त्यांस या मालिकेत सहसा स्थान मिळत नाही. खेळ हा फावल्या वेळचा विरंगुळा, त्यात चरित्र लिहिण्याजोगे काय असावयाचे, असे म्हणणारे पालक आजही थोडे नाहीत. आमचे मत याहून निराळे आहे. समाजाच्या मनात एकमेकांविषयी खरोखर काय आहे हे खेळात फार लवकर उघडे पडते. चेंडू ज्याच्या हातातून आपल्या हाती येतो, त्याच्या हातचे पाणी आपण पितो की नाही, हा प्रश्न मैदानावर टाळता येत नाही. ज्या पुरुषाच्या आयुष्यभर हा प्रश्न त्याच्यापुढे आणि त्याच्या सोबत्यांपुढे उभा राहिला, त्या बाळू पालवणकर यांचे चरित्र आम्ही या अंकात वाचकांस सादर करीत आहो.

आमच्या विद्यार्थिमित्रांस इंग्लंडातील फुटबॉल क्लबांची नावे मुखोद्गत असतात. कोणता क्लब वरच्या श्रेणीत चढला, कोणता खालच्या श्रेणीत उतरला, याची चर्चा मधल्या सुट्टीत मोठ्या आवेशाने चालते. क्लब ही संस्था मूळची इंग्लंडची. फुटबॉल काय किंवा क्रिकेट काय, इंग्रज लोक हे खेळ घेऊन या देशी आले आणि त्यांच्याबरोबर क्लबही आला. मुंबईच्या पारशी बांधवांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. १८७५ साली युरोपियनांची बॉम्बे जिमखाना ही संस्था निघाली व १८९४ साली परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना सुरू झाला. क्लब म्हटला म्हणजे त्यास फाटक आले, आणि फाटक म्हटले म्हणजे आत कोणी यावे व बाहेर कोणी राहावे हा विचारही आला. आमच्या चरित्रनायकाचे आयुष्य अशा अनेक फाटकांशी येऊन थांबले आणि त्यांतून पुढे गेले.

बाळूंचा जन्म इ. स. १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. हे घराणे मूळचे कोकणपट्टीतील असून पालवण या गावावरून त्यांचे आडनाव पडले, असे सांगतात. ते चर्मकार समाजातील होते. त्या काळी हिंदू समाज या जातीस अस्पृश्य मानीत असे. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे कुटुंब पुण्यास येऊन राहिले. छावणीतील गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी या खेळाचे पहिले धडे गिरविले. ना गुरू, ना साहित्य, ना मैदान. धान निघून गेल्यावर रिकाम्या बांधीत फळीची बॅट करून डाव मांडणारी मुले आमच्या गोंदिया जिल्ह्यातील गावोगावी दिसतात. बाळूंचा आरंभ याहून अधिक थाटाचा नव्हता.

घरची स्थिती बेताची असल्यामुळे शाळा लवकरच सुटली आणि पोटासाठी काम धरावे लागले. पुण्यातील पारशी गृहस्थांच्या एका क्रिकेट क्लबात दरमहा ३ रुपयांवर ते नोकरीस राहिले. खेळपट्टी झाडावी आणि तिच्यावर रूळ फिरवावा, हे त्यांचे काम. मधूनमधून सभासदांस सरावासाठी चार चेंडू टाकावयास मिळत, तेवढाच काय तो खेळ. पुढे १८९२ च्या सुमारास पुण्याच्या युरोपियन क्लबात त्यांस ४ रुपये वेतनाची जागा मिळाली. येथे जाळी उभारणे, खेळपट्टीची निगा राखणे, टेनिसच्या पटांगणावर रेघा आखणे, अशी कामे त्यांच्याकडे होती. परंतु त्यांच्या डाव्या हातातील विलक्षण गुण क्लबातील साहेबांच्या ध्यानी आला आणि सरावाच्या वेळी त्यांना नित्य बोलावणे येऊ लागले.

त्या क्लबात ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी होते. इंग्लंडातील हॅम्पशायर परगण्याकडून खेळलेले हे गृहस्थ त्या काळच्या हिंदुस्थानातील अग्रगण्य युरोपियन फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि तास न् तास बाळूंची गोलंदाजी खेळत. बाळूंनी आपणास बाद केले म्हणजे प्रत्येक वेळी ते त्यांस आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. मासिक वेतन ४ रुपये असताना आठ आण्यांचे मोल काय असेल, हे वाचकांनीच ताडावे. या रोजच्या झुंजीत ग्रेग यांची फलंदाजी जितकी कसास लागली, त्याहून अधिक बाळूंची गोलंदाजी तयार झाली. चेंडूची गती कमी-अधिक करणे, तो दोहों बाजूंस वळविणे, टप्पा फसवा ठेवणे, या सर्व कला त्यांनी याच काळात हस्तगत केल्या. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या क्लबात बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली, पण त्यांच्या हाती बॅट म्हणून कोणी दिली नाही. फलंदाजी हा मालकाचा मान आणि गोलंदाजी हे चाकराचे काम, अशी त्या मैदानावरील रीत होती.

ही झाली परक्यांची गोष्ट. आता स्वकीयांची पाहू. पुण्यातील हिंदूंचाही एक क्रिकेट संघ होता आणि गोऱ्या लोकांच्या क्लबास हरवावे ही त्याची मोठी आकांक्षा होती. ज्या डाव्या हातापुढे ग्रेग यांच्यासारखा फलंदाज चाचपडतो, तो हात आपल्या संघात असावा असे काहींस वाटू लागले. पण त्या हाताचा स्पर्श चालत नव्हता! संघात दोन तट पडले. कित्येकांनी विरोध केला, कित्येकांनी आग्रह धरला. अखेर विजयाची इच्छा बलवत्तर ठरली आणि बाळूंस संघात घेण्यात आले.

घेतले, पण कसे घेतले, हे पाहण्यासारखे आहे. खेळ चालू असता ज्या चेंडूस बाळू हात लावीत त्याच चेंडूस इतर खेळाडू हात लावीत. त्यात कोणास विटाळ वाटत नसे. परंतु चहाची वेळ झाली म्हणजे इतर मंडळी आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंस मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. तोंड धुवावयाचे झाल्यास त्यांच्याच जातीचा एक गडी कोपऱ्यात पाणी घेऊन येई. जेवणही वेगळ्या मेजावर. चेंडू चामड्याचा, तो शिवणारे हात चर्मकाराचे. त्या चेंडूस नित्य कवटाळणाऱ्यांस चर्मकाराच्या हातचा पेला मात्र वर्ज्य! या विसंगतीचा विचार त्या वेळी किती जणांच्या मनास शिवला असेल?

बाळूंच्या साहाय्याने पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियनांवर विजय मिळविले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध झालेला सामना विशेष गाजला. बाळूंची गोलंदाजी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी कित्येक दिवस खेळपट्टीवर रूळ फिरवून ती कठीण केली होती, असे सांगतात. तरीही बाळूंनी ७ गडी बाद केले व हिंदू संघ विजयी झाला. पुण्यास परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला. ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर खातापिता का येऊ नये, असा सवाल न्यायमूर्तींनी संघातील तरुणांस केला, अशीही आठवण सांगितली जाते. खेळातील पराक्रमाने जे फाटक अर्धवट उघडले होते ते पूर्ण उघडावयास आतल्या माणसांनीही हात लाविला पाहिजे, हे त्या सवालाचे मर्म होय.

१८९६ साली मुंबई इलाख्यात प्लेगची साथ सुरू झाली आणि पुण्यातही तिने हाहाकार उडविला. त्यानंतर पालवणकर बंधू मुंबईस आले. येथे बाळूंनी काही काळ लष्करात व पुढे रेल्वेत नोकरी केली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. प्रवेशाच्या वेळी येथेही कुरकुर झाली, परंतु मुंबईचे वारे पुण्याहून मोकळे होते. खाण्यापिण्यातील वेगळेपण हळूहळू कमी होत गेले आणि पालवणकर बंधू सोबत्यांच्या पंक्तीस बसू लागले.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदू व युरोपियन यांचा सामना झाला. हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांस १९१ व १०२ एवढीच मजल मारता आली. हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळविला. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता आणि शिवरामही त्याच संघात खेळत होते. साम्राज्यसत्ता शिखरावर असताना राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळात झालेला हा पराभव देशभर चर्चिला गेला. मुंबईच्या इंडियन सोशल रिफॉर्मर या साप्ताहिकाने मात्र एका निराळ्या गोष्टीकडे लक्ष वेधले. धावांच्या फरकापेक्षा या बंधूंस संघात व पंक्तीत घेतले गेले, ही घटना त्यास अधिक महत्त्वाची वाटली. सुधारकांच्या अनेक प्रयत्नांनी जे साधले नाही ते या एका गोष्टीने हजारो तरुणांच्या मनांत साधले, असा त्याचा अभिप्राय होता.

१९११ साली हिंदी क्रिकेटपटूंचा संघ प्रथमच सर्व देशाचा म्हणून इंग्लंडास गेला. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग हे त्याचे कर्णधार होते. संघात हिंदू, मुसलमान, पारशी व शीख असे सर्व धर्मांचे खेळाडू होते. बाळू व शिवराम हे दोघेही त्यात होते. संघाची एकंदर कामगिरी निराशाजनक झाली, पराभवांची संख्या विजयांहून अधिक भरली. परंतु बाळूंचे यश झळाळून उठले. खांदा दुखत असतानाही त्यांनी सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले आणि दर बळीमागे सरासरी १९ धावांहूनही कमी दिल्या. या वेळी त्यांचे वय ३५ च्या घरात होते. हीच संधी त्यांस दहा वर्षे आधी मिळती तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

१९११ हे साल खेळाच्या इतिहासात अनेक अर्थांनी संस्मरणीय आहे. बाळू इंग्लंडात खेळत असताना, २९ जुलै रोजी, कलकत्त्यास मोहन बागान या बंगाली फुटबॉल क्लबाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघास २ विरुद्ध १ गोलाने हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्याच्या ११ खेळाडूंपैकी १० जण अनवाणी खेळले होते. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टन टाऊन या फुटबॉल क्लबाने वॉल्टर टल नावाच्या खेळाडूस आपल्याकडे घेतले. आज तो क्लब खालच्या श्रेणींत गणला जातो, त्या काळीही तो थोरामोठ्यांच्या लीगमधील नव्हता. टल यांचे वडील बार्बाडोस बेटातून आलेले कृष्णवर्णी सुतार, आई इंग्रज. लहानपणी पोरके झाल्यावर लंडनच्या एका मिशनरी अनाथालयात ते वाढले होते. टॉटनहॅम या मोठ्या क्लबाकडून खेळत असताना ब्रिस्टल येथील प्रेक्षकांनी त्यांस वर्णावरून शिवीगाळ केली, आणि पुढे त्या मोठ्या क्लबातील त्यांची जागा गेली. नॉर्दॅम्प्टनने त्यांस आपले म्हटले आणि त्या लहान क्लबाकडून ते शंभराहून अधिक सामने खेळले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली त्यांस सैन्यात अधिकारपद मिळाले व १९१८ च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर त्यांस वीरमरण आले. त्या क्लबाने १९९९ साली आपल्या मैदानाजवळ त्यांचे स्मारक उभारिले. टल आणि बाळू यांची भेट झाल्याचे कोठे नमूद नाही. तथापि एकास वर्ण आडवा आला, दुसऱ्यास जात. माणसाच्या गुणांकडे पाहण्यापूर्वी त्याच्या जन्माकडे पाहण्याची खोड एकाच देशाची नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

इंग्लंडाहून परत आल्यावर मुंबईतील दलित समाजाने बाळूंचा जाहीर सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. ज्या काळी आपल्या समाजातील कोणा पुरुषाची कीर्ती देशभर पसरलेली पाहणे दुर्मिळ होते, त्या काळी बाळूंचे नाव शेकडो घरांत अभिमानाने घेतले जाई.

एवढी कीर्ती झाल्यावर तरी सर्व फाटके उघडली असतील, असे वाचकांस वाटेल. पण तसे झाले नाही. १९१२ पासून मुंबईचे प्रसिद्ध चौरंगी सामने सुरू झाले. त्यांत युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान असे चार संघ उतरत. हिंदू संघात बाळूंहून ज्येष्ठ व यशस्वी खेळाडू कोणी नव्हता. तरीही कर्णधारपद त्यांच्याकडे कधी आले नाही. ते दरवर्षी उच्चवर्णीय खेळाडूकडे जाई. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी उमदेपणाने जाहीर सांगितले की हा मान वस्तुतः बाळूंचा होता. बोलून दाखविणारे पै होते, पण निवडसमिती मौन पाळून होती. हाताखाली काम करणारा म्हणून जो चालतो तो आज्ञा देणारा म्हणून चालत नाही, हा अन्याय पेल्याच्या अन्यायाहून सूक्ष्म, म्हणून अधिक टिकाऊ होता.

१९२० साली हे प्रकरण हातघाईवर आले. त्या वर्षी पै आजारी असल्यामुळे कर्णधारपद प्रा. दि. ब. देवधर यांच्याकडे देण्यात आले. बाळूंस प्रथम संघातूनच वगळले होते आणि त्यांच्या बंधूंचाही विचार झाला नव्हता. देवधर स्वतः उत्तम खेळाडू होते यात शंका नाही. परंतु पालवणकर बंधू त्यांहून ज्येष्ठ होते. तेव्हा शिवराम व विठ्ठल या दोघा बंधूंनी स्वाभिमानपूर्वक जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. या निर्धाराने लोकमत जागे झाले. पुढील सामन्यापूर्वी बंधूंस सन्मानाने परत बोलावण्यात आले आणि बाळूंस उपकर्णधार नेमण्यात आले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. तेवढा वेळच काय तो हा मान त्यांस लाभला. पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने विजय संपादन केला. थोरल्याने झिजविलेला उंबरठा धाकट्याने ओलांडला. विठ्ठल यांनी या सर्व काळाचा वृत्तान्त आपल्या माझे क्रीडा-जीवन या मराठी आत्मचरित्रात नमूद केला आहे. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले.

बाळूंची प्रथम दर्जाच्या सामन्यांतील कामगिरी ३३ सामन्यांत १७९ बळी अशी नोंदलेली आहे. खेळातून निवृत्त झाल्यावर ते सार्वजनिक कार्यात उतरले. १९३२ च्या सप्टेंबरात झालेल्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांस उभे केले आणि त्यांची गाठ पडली ती प्रत्यक्ष डॉ. आंबेडकर यांच्याशी! ज्यांनी एके काळी त्यांचे मानपत्र लिहिले तेच आता प्रतिस्पर्धी झाले. डॉ. आंबेडकर यांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडली. दलितांच्या उद्धाराचा मार्ग कोणता, याविषयी दोघांचा मतभेद होता. डॉ. आंबेडकर स्वतंत्र राजकीय बळाचा आग्रह धरीत, बाळूंचा कल सर्वांबरोबर राहून पुढे जाण्याकडे होता. कोणाचा मार्ग अधिक बरोबर होता, याचा निर्णय विद्यार्थ्यांनी मोठेपणी इतिहास वाचून आपापल्या बुद्धीने करावा.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईस बाळू पालवणकर यांचे देहावसान झाले. यानंतर बरीच वर्षे त्यांचे नाव विस्मृतीत गेल्यासारखे होते. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदी क्रिकेटच्या इतिहासात त्यांस योग्य स्थान दिले, तेव्हापासून नव्या पिढीस त्यांची ओळख होऊ लागली आहे.

या चरित्रापासून काय घ्यावे? परिश्रम केले असता गरिबीतूनही वर येता येते, हा बोध तर स्पष्टच आहे आणि तो घ्यावाच. परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धेच चरित्र वाचणे होय. बाळूंनी परिश्रमात कोठेही कसूर केली नव्हती. तरीही आयुष्याची पंचवीस वर्षे त्यांस प्रत्येक फाटकाशी ताटकळावे लागले, कारण फाटक आतून लावलेले होते. म्हणून हे चरित्र जितके बाहेर उभ्या असलेल्यांसाठी आहे, तितकेच ते आत बसलेल्यांसाठीही आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या शाळेच्या संघात अनेक जातींची, अनेक धर्मांची मुले एकत्र खेळतात. चेंडू तुम्ही एकमेकांस निःशंकपणे देता. सामना संपल्यावर पाण्याची बाटली तितक्याच निःशंकपणे देता काय? डबा एकत्र उघडता काय? कर्णधार निवडताना केवळ खेळ पाहता काय? आणि पालकहो, मुलाने संघातील सोबत्यास घरी आणले असता आपण त्यास कोठे बसवितो व कोणत्या पेल्यात पाणी देतो, हेही आपण मनाशी विचारावे. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर बाळूंचे कष्ट वाया गेले नाहीत असे म्हणता येईल. नसतील, तर येत्या वर्षीचा खेळाचा हंगाम दूर नाही. त्या हंगामात तरी ती सुधारावीत, एवढीच आमची विनंती आहे.